घरतबाईंचं स्टूल

घरतबाई बाळंतिणीच्या घरी गेल्या की चपला काढता काढताच म्हणायच्या, "एक स्टूल द्या बगू." पाणी नको, चहा नको, बाळ कुणावर गेलंय याची चौकशीही नाही. स्टूल आलं की ते उचलून बाळंतिणीच्या खोलीच्या दारात, बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि त्यावर बसायच्या. दाराकडे पाठ, घराकडे तोंड. देह चांगला भरलेला, त्यामुळे स्टूल कुरकुरायचं आणि कुणीतरी म्हणायचंच, "अहो, सोफ्यावर बसा ना." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "सोफ्यावर बसलेल्या बाईला कोण घाबरतं?" मग घरातल्यांना हळूहळू कळायचं, की या बाई बाळंतिणीला भेटायला आलेल्या नाहीत, आपल्याला भेटायला आलेल्या आहेत.

करंजाड्यात त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर होतं, आणि मागच्या खोल्यांची भिंत एकच. मी पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाले. आयुष्यभर खिडकीपलीकडून लोक माझ्यावर ओरडत राहिले, त्यामुळे घरी मला शांतता लागते आणि दार बंद लागतं. शेजार मात्र मिळाला तो एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टरकी केलेल्या बाईंचा. त्या दूधवाल्याशी बोलायला लागल्या की वरच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून दारं उघडायची. लिफ्टमध्ये शिरल्या की म्हणायच्या, "सरका पुढे, मदे जागा हाय." लिफ्टमध्ये पुढे सरकून माणूस जाणार कुठे? पण लोक सरकायचे! आमचे हेसुद्धा भिंतीला चिकटायचे. सुरुवातीला मी त्यांना टाळायचा प्रयत्न केला. पण त्या बेल वाजवत नसत, सरळ हाक मारत, आणि त्या हाकेपुढे माझ्या दाराचं काही चालत नसे.

त्यांचं माहेर उरणकडचं. वडील मिठागरात राबलेले. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा प्रशांत. या प्रशांतच्या तान्हेपणाची गोष्ट त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी पळस्प्यापाशी आल्या की त्यांचा आवाज उतरायचा. रजा संपली आणि त्या कामावर गेल्या, तेव्हा बाळ घरी सासूकडे असायचं. गाडी पळस्प्याला वळून गोव्याच्या रस्त्याला लागली की त्याच्या दुधाची वेळ व्हायची. बाळ घरी, दूध गाडीत. "आतून दुपट्याची घडी कोंबायची, वरनं तिकिटांची बॅग पुढं घ्यायची नि ओरडायचं, पुढे चला, पुढे चला. लोकांना वाटायचं बाई लय कडक हाय. मी कडक नव्ते वो वहिनी, मी भिजलेली होते." घरी सासू बाटलीत पाणी घातलेलं दूध भरून पाजायची. पोराला जुलाब लागले, दवाखान्यात ठेवावं लागलं, कसाबसा वाचला. सासूला मात्र त्यांनी कधी बोल लावला नाही. म्हणायच्या, "तिला सांगणार कोण? जी सांगणार ती पळस्प्याला."

त्यानंतर केव्हातरी भर दुपारी, खच्चून भरलेल्या गाडीत एक पोरगी तान्हं घेऊन उभी होती. बाळ टाहो फोडत होतं आणि अख्खी गाडी सल्ले देत होती. कुणी म्हणे पाणी द्या, कुणी म्हणे बिस्कीट चोखू द्या. घरतबाईंनी दोन पुरुषांना उठवून तिला बसवलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून आडव्या उभ्या राहिल्या. तरी गाडीच्या हिसक्यांनी बाळ छातीला लागेना. मग त्यांनी एक घंटी दिली. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, दोन घंट्या म्हणजे निघा, हे लाल गाडीत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, काय झालं? "बाळ जेवतंय," घरतबाई म्हणाल्या. मागून एक जण ओरडला, आम्हाला उशीर होतोय. "तुमी डबा खाताना कोण ताट हलवतंय का?" गाडीत हशा पिकला आणि ओरडणारा गप्प बसला. थोड्या वेळाने त्या पोरीने मागून घरतबाईंच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. तेव्हा कुठे त्यांनी डबल बेल दिली.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जायला लागतात, घरतबाई बाळंतिणींकडे जायला लागल्या. आरोग्यखात्याच्या, वस्तीतल्या आशाताईबरोबर बाळाला पाजण्याबद्दलच्या एका शिबिरात बसून आल्या, आणि मग कुठल्या घरात बाळ आलं की आशाताईचा फोन यायचा. पण शिबिरात शिकवलेलं फारसं त्या बोलत नसत. बाळ नीट ओढत नसेल, आईला ताप असेल, छातीत गाठ धरली असेल, तर त्या सरळ सिस्टरकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवत. "मला डॉक्टरी येत नाय," त्या म्हणायच्या, "मला गर्दी हटवता येते."

आणि गर्दी हे खरंच दुखणं होतं. पहिलटकरणीच्या उशाशी सासू, आत्येसासू, नणंद, शेजारीण, व्हिडिओ कॉलवर मामी. एक म्हणते दूध उतरलंच नाही, दुसरी म्हणते पातळ आहे, तिसरी बोटाला मध लावून तयार. ती पोर घाबरते, आखडते, आणि मग बाळ रडतं. बाळ रडलं की कुणीतरी दुकानातून पावडरीचा डबा घेऊन येतं. घरतबाईंचं म्हणणं असं, की बाळंतिणीला काही सांगायचंच नाही, तिला सगळेच सांगतात. सांगायचं ते बाहेरच्यांना. आत जाताना त्या फक्त एक स्टीलची वाटी आणि चमचा तिच्या हाताशी ठेवायच्या. "एकदा वाजवलंस तर मी आत येईन. दोनदा वाजवलंस तर समजेन गाडी चालू." एवढं बोलून दार ओढून बाहेर.

मला त्या बरोबर न्यायच्या. का, असं मी एकदा विचारलं. "तुमी गप बसता. गप बसणारं एक माणूस बरोबर असलं की मला जास्त बोलता येतं." हा माझा गौरव होता की टिंगल, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पनवेल गावातल्या एका घरी आजेसासू मोठ्या खमक्या होत्या. पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधतो म्हणून तो पिळून टाकायचा त्यांचा हुकूम होता. आदल्या संध्याकाळी नातसून बाळ घेऊन घरी आलेली, आणि आशाताई सांगून सांगून थकलेली. घरतबाई पिशवीतून एक डबा घेऊन गेल्या. डब्यात खरवस. गावाकडच्या कुणाची गाय व्यायली होती, तिचा. आजींना वाटी भरून दिला. आजींनी डोळे मिटून खाल्ला, जायफळ घातलंय का विचारलं, आणखी घेतला, आणि म्हणाल्या, "असा चीक आता मिळत नाही हो. आमच्याकडे गाय व्यायली की आई कुणाला थेंब द्यायची नाही." घरतबाई म्हणाल्या, "का वो?" आजी म्हणाल्या, "का म्हणजे? ताकद असते त्यात." घरतबाई पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसत्या बंद दाराकडे बघत राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं पाहून मलाच बेचैन व्हायला लागलं. आजींनी वाटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि जरा रागानेच म्हणाल्या, "बरं बरं. कळलं. पाजू दे तिला." आणि राहिलेला खरवस संपवला.

घरतबाई चुकायच्याही, आणि चुकल्या की कंडक्टरसारख्याच चुकायच्या. रोडपालीला एक मुलगी होती, जालन्याकडची. खोलीत ही गर्दी. घरतबाईंनी चला चला करत झाडून सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढलं आणि समाधानाने स्टुलावर बसल्या. आतून वाटी वाजली ती थांबेचना. आत गेलो तर मुलगी हमसून हमसून रडत होती. "माझ्या आईला कशाला हाकललं? ती काल रात्रभर गाडीत बसून आलीय." तिची आई खरोखरच बाहेर जिन्यात, आपली पिशवी मांडीवर घेऊन, परक्या घरात उगाच मधे नको म्हणून अंग चोरून बसली होती. घरतबाईंचा चेहरा पडला. त्या जिन्यात गेल्या, त्या माउलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "माय, चुकले. चला." तिला आत नेऊन लेकीशेजारी बसवलं. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "गाडी रिकामी केली म्हंजे झालं असं नाय. आत कोण पायजे ते त्या पोरीला विचारायचं. तिकीट ती देणार, मी नाय." तेव्हापासून स्टूल मागायच्या आधी त्या आत डोकावून विचारायला लागल्या, "कोण हवंय तुझ्याजवळ?" कुणी आई म्हणायची, कुणी नवरा. एकीने लाजत लाजत सासू सांगितलं, तर ती सासूच रडायला लागली.

पावडरीच्या डब्याशी त्यांचं उभं वैर होतं, पण आईशी कधीच नव्हतं. आमच्याच इमारतीत एकीच्या बाळाचं वजन काही केल्या वाढेना. घरतबाईंनी त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी सगळं तपासून वरचं दूध सुरू करायला सांगितलं, तेव्हा दुकानात जाऊन डबा घेऊन आल्या त्या घरतबाईच. वाटी-चमचा उकळून कसा घ्यायचा, पावडर किती आणि पाणी किती, हे डॉक्टरांनी सांगितलं तसंच होतंय ना, हे पाहायला त्या रोज जायच्या. लिफ्टमध्ये कुणी एक बाई त्या मुलीला बोलली, हल्लीच्या पोरींना पाजायचाच कंटाळा. घरतबाईंनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "उतरा," म्हणाल्या. "अहो, मला चौथ्या मजल्यावर जायचंय." "जिना हाय." ती बाई उतरली.

उष्टावणाला तर त्या ताटच तपासायच्या. सहा महिने झाल्यावर बाळाला काय द्यायचं यावर त्यांचं मत एकच, घरात जे शिजतं त्यातलं मऊ करून द्या. वरणभात कुस्करून, भाकरी दुधात मुरवून, केळं, नाचणीचं सत्त्व. चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाच्या तोंडाकडे जाताना दिसलं की त्या मधेच हात घालून ते स्वतः खाऊन टाकायच्या. "मला चालतं," म्हणायच्या, "माझी वाढ झाली."

त्यांच्या माहेरी भाच्याच्या हळदीला मी गेले होते. आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. मांडवाला हादरे बसत होते. एक सून तीन महिन्यांचं बाळ घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत होती, पाजायला जागा नाही. सगळ्या खोल्या भरलेल्या. एकच खोली रिकामी होती, नवरदेवाची, आणि त्यात नवरदेव मित्रांबरोबर बसला होता. पुढचं मी सांगायला नकोच. नवरदेव अंगाला हळद लागलेल्या अवस्थेत मित्रांसकट अंगणात उभा, दारात स्टूल, स्टुलावर आत्या. डीजेवाल्याला खूण झाली, डीजे थांबला. सगळा मांडव काय झालं म्हणून बघतोय. नवरदेवाचा बाप तणतणत आला, "अगं, लोकं काय बोलतील?" घरतबाई म्हणाल्या, "बोलू दे. पुढच्या वर्षी तुझ्या घरात बी हेच यायचं हाय. तेव्हा सून कुठं बसंल, ते आताच बगून ठेव." तो हसला आणि खुर्ची घेऊन बहिणीशेजारी बसला. मांडव बाळाचं पोट भरेपर्यंत थांबला होता, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा हळद आवडली.

आपल्या रायगडाचा कडा उतरून अंधारात लेकराकडे गेलेल्या त्या गवळणीची गोष्ट कुणी भाषणात सांगितली की घरतबाई चुळबुळायच्या. एका महिला मंडळात तर उठून उभ्याच राहिल्या. "तिचं कौतुक हायच. पण मी काय म्हणते, दार उघडायला काय झालं होतं? किती वर्सं आमी कडे उतरायचे नि तुमी टाळ्या वाजवायच्या?" वक्त्यांनी पाणी प्यायलं. मी मान खाली घातली, पण मनातून मला त्यांचा अभिमान वाटला. आता मात्र तो उघड सांगते.

मग प्रशांतची बायको मयूरी बाळंत झाली.

मयूरी शांत मुलगी. घरूनच कंपनीचं काम करायची, कानात हेडफोन, तोंडात दोन शब्द. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे माहेरपणाचा प्रश्नच नव्हता. घरतबाईंनी महिनाभर आधी मला बजावलं होतं, "हिला आई नाय वहिनी. मीच हाय." मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. मायलेकी घरी आल्या तेव्हा मला वाटलं, या घरात आता काळजी नाही, बाळंतिणीच्या दारात राखण करणारी बाई घरातलीच आहे.

पण त्या वेळी मयूरीच्या हाताशी वाटी-चमचा आला, दारात स्टूल मात्र आलंच नाही. घरतबाई आत होत्या. भेटायला येणाऱ्यांना त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलं हे खरं, पण स्वतः पलंगावरून हलेनात. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "डोकं असं धर. हनुवटी लागली पायजे. खांदे सैल सोड. अगं सैल म्हंजे सैल. झोपली बग, तळव्याला चोळ. आता ती बाजू." जे दुसऱ्यांच्या सासवांना त्यांनी कधी करू दिलं नाही, ते सगळं त्या करत होत्या, आणि त्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता, हेच वाईट होतं. शिबिरात शिकलेलं सगळं त्या एका पोरीवर ओतत होत्या.

बाळाचं वजन उतरलं होतं. पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, पण हे जरा जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, वरचेवर पाजा, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा, तेव्हाही चढलं नाही तर वरच्या दुधाचा विचार करू. त्या दिवशी प्रशांत आमच्या दारात आला. "काकू, मयूरी म्हणते डबाच आण. म्हणते, मला नाहीच जमणार, आईंना इतकं येतं आणि मला काहीच येत नाही. आणि आईला हे सांगायचं कुणी?" त्याचे डोळे भरून आले होते. दवाखान्यात आयुष्य सुरू झालेला तो पोर, आपल्या लेकीसाठी घाबरला होता. मी जन्मात कुणाच्या घरात लुडबुड केलेली नाही. त्याला आत बसवून नुसतं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून वाटीचा आवाज आला. एकदाच. मग घरतबाईंचा आवाज, "अगं, मी इथंच हाय ना तुझ्यासमोर. वाजवतेस कशाला?" मग पुन्हा वाटी. एकदाच.

थोड्या वेळाने हाक न मारता, चक्क बेल वाजवून, घरतबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. मोठा देह एवढासा झालेला.

"वहिनी, तुमच्याकडं स्टूल हाय का?"

"आहे की. का हो?"

"मला उतरवली," त्या म्हणाल्या. पदराने नाक पुसलं. "पोरीनं एक घंटी दिली. माझ्याच तोंडावर. मला वाटलं, चुकून. तर परत दिली." आणि एकदम हसायला आलं त्यांना, रडता रडताच. "बरोबर केलंन. मी तिची आई व्हायला गेले, नि झाले आख्खी गर्दी." मग माझा हात धरला. "तुमी बसा दारात. कुणाला सोडायचं नाय आत. मला बी नाय."

अशी मी स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून घरतबाईंच्या घरात शिरले. आत डोकावून विचारलं, "मयूरी, कोण हवंय तुझ्याजवळ?" तिने मान हलवली. कुणीच नको. मी दार ओढलं आणि बसले. घरतबाई खाली गेल्या. खिडकीतून मला दिसत होत्या, सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. वॉचमन काहीतरी बोलायला आला तर त्याला त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. स्टुलावर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की दाराकडे पाठ करून बसणं किती अवघड असतं. बाळ आत रडत होतं, आणि वळून दार उघडू नये यासाठी मी स्टुलाच्या कडा घट्ट धरून ठेवल्या होत्या. मग रडणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. आत मयूरी हलक्या आवाजात बाळाशी काहीतरी बोलत होती. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग वाटी वाजली. एकदा.

मी आत गेले. मयूरीचा चेहरा दमलेला, पण आखडलेला नव्हता. बाळ उघडं, तिच्या उघड्या छातीशी. "काकू, आता घेतेय ती. पण माझी पाठ भरून आलीय, टाके ओढतायत. आईंना बोलवा ना." मग जरा थांबून म्हणाली, "पण बोलायचं नाही म्हणावं."

मी गॅलरीत गेले. चारचौघांत कधी आवाज न चढवलेली बाई मी, पण कठड्याला धरून जिवाच्या आकांताने ओरडले, "घरतबाईऽऽ!" समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. घरतबाईंनी वर पाहिलं आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढून आल्या. धापा टाकत होत्या. मी दारातच सांगितलं, "तिकीट मिळालंय. पण बोलायचं नाही." त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मान डोलावली, शाळेतल्या मुलीसारखी.

आत जाऊन त्या पलंगावर मयूरीच्या मागे बसल्या. मयूरी त्यांच्या छातीवर रेलली, आणि मयूरीच्या छातीवर बाळ. घरतबाईंनी दोन्ही हात तिच्या खांद्यांखालून घेतले, बाळाला न लावता, नुसते तिला आधार म्हणून. एक शब्द नाही. मी दार ओढलं आणि पुन्हा स्टुलावर बसले. घरतबाई घरात आहेत आणि घर शांत आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

डॉक्टरांनी दाखवायला सांगितलेल्या दिवशी वजन थोडंसं चढलेलं होतं, पुढच्या वेळी आणखी. डबा आलाच नाही. आला असता तरी घरतबाईंनी तो स्वतः आणला असता आणि लिफ्टमध्ये कुणाची बोलायची छाती झाली नसती, हे मला माहीत आहे. पण तो आला नाही याचा मला आजही आनंद आहे.

बाळ पालथं पडायला लागलं तेव्हा त्यांनी घर बदललं. प्रशांतला रोडपालीकडून कामाला जाणं सोयीचं होतं, म्हणून तिकडे. रोडपाली म्हणजे काही परदेश नव्हे, पण दार उघडल्यावर समोर कुलूप असणार याची मला आधीच हुरहुर लागली होती. सामान टेम्पोत चढलं. प्रशांत मोटारसायकलवर पुढे गेला. मयूरी बाळाला घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली. घरतबाई माझा निरोप घ्यायला वळल्या आणि नेमकं बाळ रडायला लागलं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मागे एका मोटारीचा हॉर्न वाजत होता, कारण टेम्पोने गेट अडवलं होतं. घरतबाईंनी मला जागच्या जागी सोडलं, ड्रायव्हरला खाली उतरवलं, आणि केबिनच्या उघड्या दारात, आतल्या दोघींकडे पाठ करून, दोन्ही हात दोन बाजूंना टेकवून उभ्या राहिल्या.

"ओ बाई, किती वेळ?" मोटारवाला ओरडला.

"बाळ जेवतंय!"

मोटारवाल्याने हॉर्न सोडला. हमाल फुटपाथवर टेकले. वॉचमन उगाचच गेट धरून उभा राहिला. आम्ही सगळे वाट पाहत होतो आणि कुणाला घाई नव्हती. घरतबाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे.

मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. आतून पाठीवर दोन चापट्या पडल्या असाव्यात. ड्रायव्हरला त्याच्या जागेवर बसवून त्या मयूरीशेजारी वर चढल्या, दार लावून घेतलं, खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि अख्ख्या करंजाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "चलाऽऽ!"